गीता २.७० : वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला सत्तरावा. स्थितप्रज्ञाची लक्षणं संपत आली आहेत आणि भगवंत समुद्राचा दृष्टान्त देतात. चहूकडून पाणी येऊन मिळतं, समुद्र भरतच असतो, तरी आपली जागा सोडत नाही. इच्छा ज्याच्यात अशा येऊन सामावतात त्याला शांती मिळते. इच्छांच्या मागे धावणाऱ्याला ती मिळत नाही.

हा श्लोक मला शाळेपासून पाठ आहे. पाठ असणं आणि कळणं यात किती अंतर असतं ते मात्र गेल्या कार्तिकी पौर्णिमेला समजलं, तेही डोक्यात भांडण घेऊन बसलेलो असताना.

डोंबिवलीत राहणाऱ्यांना 'रिडेव्हलपमेंट' हा शब्द समजावून सांगायला नको. आमची बिल्डिंग पाडून नवी होणार, जागा वाढून मिळणार. घर बाबांचं, त्यात आई आणि मी राहतो. धाकटा भाऊ कल्याणला. वाढीव जागा कोणाची, यावरून दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. आईने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "वेळणेश्वरला कुलदैवताला जायचंय. दोघंही चला."

दिव्याहून सावंतवाडी गाडीने चिपळूण, तिथून एसटीने गुहागर तालुक्यात. भाऊ खिडकीशी, मी दाराशी, मधे आई पोळीभाजीचा डबा धरून.

इन्स्टावर ग्रीस-इटलीचे रील येतात ना, दोन कडे आणि त्यांच्या कुशीत छोटासा किनारा? वेळणेश्वर तसंच आहे. फक्त पांढऱ्या घरांच्या जागी नारळ, आणि पाण्याच्या काठाला साक्षात शंकर.

जिथे उतरलो होतो तिथल्या आजोबांनी रात्री भरतीचं गणित शिकवलं. "तिथी धरा, तिची पाऊणपट करा. भरतीची वेळ निघते. उद्या पौर्णिमा, म्हणजे पंधरा. सव्वाअकरा वाजता समुद्र पूर्ण भरेल." मी लगेच मोबाईलवर तपासलं (सवय!). जवळजवळ तीच वेळ निघाली.

सकाळी अभिषेक झाला. आईने पावती दोघांच्या नावाने फाडली. दोन नावं एका कागदावर बघितली आणि, खोटं कशाला सांगू, मला करारनामाच आठवला. देवापुढे उभा राहून मी स्क्वेअर फूट मोजत होतो.

नंतर किनाऱ्यावर बसलो. उधाणाची भरती, लाटा नारळांच्या दिशेने चढत होत्या. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा आलो तर सकाळी जिथे पाणी होतं तिथे पोरं क्रिकेट खेळत होती! मनात आलं, भगवंत म्हणतात समुद्र अचल. हा तर दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो. मग अचल काय आहे?

मी हा प्रश्न आजोबांना विचारला. ते हसले. "भरती चंद्राची हो. नद्यांनी आणून ओतलं म्हणून समुद्र चढत नाही."

इथे मी थांबलो. श्लोकात पाणी येतं ते बाहेरून, नद्यांचं. वेळणेश्वरच्या उत्तरेला दाभोळच्या खाडीतून वाशिष्ठी येते, दक्षिणेला जयगडला शास्त्री. पावसाळ्यात दोघी सह्याद्रीची माती घेऊन गढूळ होऊन येतात, उन्हाळ्यात शास्त्री रोडावते. ज्ञानेश्वर माऊलींनी या श्लोकावर हेच सांगितलंय: नद्या फुगून आल्या म्हणून समुद्र वाढत नाही, आटल्या म्हणून उणा होत नाही. वाशिष्ठीची तर आणखी गंमत आहे. कोयनेचं पाणी मुळात कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. वीज तयार करण्यासाठी आपण त्यातलं बरंचसं सह्याद्रीतून बोगद्याने खाली आणलं आणि वाशिष्ठीत सोडलं. कृष्णेच्या पाण्याच्या वाट्यावरून राज्यं लवादापुढे भांडली. अरबी समुद्राला मात्र दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी येऊन मिळालं, आणि त्याच्यात काडीचाही फरक पडला नाही.

आपण तरुण मंडळी हा श्लोक हमखास चुकीचा वाचतो. वाटतं, इच्छा यायलाच नकोत, हसू-रडू नको, दगड व्हायचं. पण नदी येऊच नये असं श्लोकात कुठे आहे? ती येणारच. समुद्रही चंद्राबरोबर वर-खाली होतो, तसा स्थितप्रज्ञही आईचं दुखणं बघून हलत असेल, असं मला वाटतं. पण कोणी जास्त ओतलं म्हणून तो स्वतःला मोठा समजत नाही, आणि वाटा कमी आला म्हणून आटत नाही. मी मात्र दोन वर्षं एका खोलीएवढ्या पाण्याने चढत-उतरत होतो. माझा तळच उथळ.

म्हणून हक्क सोडून द्यायचा का? मला तसं वाटत नाही. आईचं औषधपाणी मी बघतो, माझं म्हणणं अजूनही पूर्ण चुकीचं नाही. पण ते म्हणणं मांडताना मी कोण होतो, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मी दोन वर्षांत स्वतःला विचारलाच नव्हता.

अंधार पडायला लागला तसा भाऊ पँट दुमडून पाण्यात उतरला. आईला पाय भिजवायचे होते, गुडघे साथ देत नव्हते. त्याने एक हात धरला, दुसरा मी. कोणी काही बोललं नाही. लाट आली की आई लहान मुलीसारखी "अगं बाई!" म्हणायची, एवढंच.

परतताना दिव्याला गाडी बदलली. कल्याण लोकल. डोंबिवली आलं, मी बॅग उचलायला वाकलो तर ती आधीच भावाच्या खांद्यावर होती. तोही उतरला. दोन वर्षांनी आमच्या घरचे तीन जिने चढला, चहा घेतला, बाबांच्या फोटोला नमस्कार करून पुढची लोकल पकडायला निघाला. जागेचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. चपला घालताना म्हणाला, "दादा, रविवारी येतो. कागद घेऊन."

मी म्हटलं, "जेवायलाच ये."

उद्या श्लोक एकाहत्तरावा. जय हरी!