वाट पाहणे आणि अपेक्षा करणे

मूल होणार असलेल्या बाईविषयी बोलताना माणसाची जीभ सहसा आडवळणाने जाते. आमच्या असोद्यात वडीलधाऱ्या बायका 'तिला दिवस गेले' म्हणतात, 'ती दोन जिवांची आहे' म्हणतात. पोटाचे नाव काढीत नाहीत. इंग्रजीनेही हा संकोच पाळलेला आहे. १९५२ साली अमेरिकेतल्या 'आय लव्ह लूसी' या दूरचित्रवाणी मालिकेची नायिका गरोदर दाखवावयाची होती. पण 'प्रेग्नंट' हा शब्द उच्चारण्याची परवानगी नव्हती. 'एक्स्पेक्टिंग' असे म्हणून वेळ निभवावी लागली.

वास्तविक 'प्रेग्नंट' या शब्दात लाजण्याजोगे काही नाही. 'आधी' आणि 'जन्मणे' अशा अर्थांच्या दोन लॅटिन अंगांपासून तो बनला. जन्माआधीची अवस्था, इतकेच. मला विचारात पाडतो तो 'एक्स्पेक्टिंग'. त्याच्या मुळाशी बाहेर नजर लावून पाहण्याची क्रिया आहे. आपणही वाट 'पाहतो'च! संस्कृतातला 'ईक्ष्' हा धातूही पाहण्याचाच. त्यातून 'प्रतीक्षा' निघाली आणि 'अपेक्षा'ही निघाली. मात्र या दोघी सख्ख्या बहिणी आपल्याकडे वेगवेगळ्या घरी नांदतात. जो येईल त्याच्याकडे डोळे लावणे ही प्रतीक्षा. तो कसा यावा हे मनाशी धरून बसणे ही अपेक्षा. इंग्रजीत एकाच शब्दाला दोन्ही घरची कामे करावी लागतात.

घरात पाळणा हलणार असे कळते, तेव्हा आपण या दोहोंतले काय करीत असतो? 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' या आशीर्वादात प्रतीक्षा नाही, मागणी आहे. ही मागणी कोठवर जाते हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. गर्भलिंगचिकित्सेला आवर घालणारा कायदा देशात प्रथम याच राज्याने १९८८ साली केला; केंद्राचा कायदा १९९४ सालचा. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ च उरल्या. सोनोग्राफीच्या यंत्राने पोटातले दिसू लागले. पण पाहणाऱ्याने काय पाहावयाचे ते आधीच ठरवून ठेवले होते. दोष यंत्राचा कसा म्हणावा?

कोणी म्हणेल, अपेक्षेवाचून आईबाप कसे व्हावे? मूल निरोगी असावे, चार बुके शिकावे, असे कोणाला वाटत नाही? शाळेत रोज समोर बसणारी पोरे अशा अपेक्षा पाठीवर घेऊनच येतात, आणि त्यांच्या बळावर पुढेही जातात. अपेक्षा जरूर करावी. ती स्वागताची अट मात्र होऊ नये. पाहुणा दारात आल्यावर त्याने काय आणले हे पाहून पाट मांडणाऱ्या घराला आपण काय म्हणतो?

आणि येणाऱ्याकडे डोळे लावताना, घरात आहे ती दिसेनाशी होऊ नये. सुश्रुतसंहितेत गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले आहे, आणि म्हणून तिची इच्छा मोडू नये असे सांगितले आहे. आपले 'डोहाळे' संस्कृतातल्या 'दोहद' शब्दावरून आले. साऱ्या घराच्या अपेक्षांच्या गर्दीत, तिला स्वतःला काय हवे, हे विचारणारा हा शब्द!

अक्षर न गिरवताही भाषा किती नेमकी होते, हे असोद्याला सांगावे लागत नाही. बहिणाबाई चौधरी १८८० साली येथेच जन्मल्या. 'दोन जिवांची' हा बोलही कोणा पंडिताने घडवलेला नसावा. त्यात पहिला जीव तिचा मोजलेला आहे. आणि दुसरा मुलगा की मुलगी, हे विचारलेले नाही.