कोणाच्या हातचं?

वैरागच्या एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही चहाला बसतो, तेव्हा बाकड्यावर शेजारी कोण बसलाय हे विचारत नाही. बार्शीहून सोलापूरकडे जाणारी गाडी थांबते, कोणी गरम भजी मागवतो, कोणी दोघांत एक चहा सांगतो. कांद्याच्या भावावरून वाद होतो आणि शेवटी पैसे कोणी द्यायचे यावरून. मशिदीत, देवळात, स्मशानात, कब्रस्तानात वेगवेगळी जाणारी माणसं इथं गुडघ्याला गुडघा लावून बसतात.

हे सहज मिळालेलं नाही. स्वातंत्र्यापूर्वी रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी वेगळं आणि मुसलमान पाणी वेगळं होतं. खेड्यांतल्या हॉटेलांत दलितांची कपबशी बाहेर असे. चहा पिऊन त्यांनीच ती विसळून ठेवायची. म्हणून तर संविधानाच्या 15व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नावानिशी उल्लेख करावा लागला. 1955च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात तर हॉटेलातल्या भांड्यांचाही उल्लेख आहे. एका कपासाठी या देशाला कायदा करावा लागला!

मग प्रश्न येतो आमचा. मटण हलाल आहे का, हे आम्ही विचारतोच. तीही शिवाशिवच नाही का, असं एखादा मित्र विचारतो. आम्हाला तसं वाटत नाही. काय खातोय हे विचारणं वेगळं आणि कोणाच्या हातचं खातोय हे विचारणं वेगळं. पहिला प्रश्न आपल्या ताटापुरता असतो, दुसरा समोरच्या माणसाची किंमत ठरवतो. ईदला घरी येणारा शाकाहारी मित्र बिर्याणीला नको म्हणतो आणि शिरखुर्म्याची वाटी पुढं ओढतो, त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही. जो पाण्यालाही हात लावत नाही, त्याचं वाटतं.

2024च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरील खाणावळींना मालकांची नावं लावायला सांगितलं गेलं. 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणते पदार्थ मिळतात ते सांगायला लावता येईल, पण मालकाचं, नोकरांचं नाव लिहायची सक्ती नको, असा त्या आदेशाचा आशय होता. आम्ही वर केला तोच हा फरक.

त्या वेळी आम्हाला राग आला. पण राग ओसरल्यावर एक कपबशी आठवली. आमच्याच नात्यातल्या एका हॉटेलात ती बाहेरच्या खिळ्याजवळ, फळीवर उपडी असायची. बिनकानाची, टवका उडालेली. ती कोणासाठी आहे हे आम्हा पोरांना ठाऊक होतं. गल्ल्यावरचा माणूस पाच वेळचा नमाजी होता. आम्ही कधी विचारलं नाही. आज नावाची पाटी आम्हाला टोचते; तेव्हा ती कपबशी का टोचली नाही?

एकत्र जेवा किंवा वेगवेगळे जेवा, त्यात दोष नाही, असं सूरह नूरमध्ये सांगितलं आहे. वेगळं जेवायची मुभा आहे, दुसऱ्याला वेगळं बसवायची नाही, असं आम्ही समजतो. परहेज आपल्या घासाचं असावं, माणसाचं नसावं.

आता त्या फळीवर मोबाईल रिचार्जची पाटी आहे. कपबशी कधी आणि कोणी काढली, कोणालाच आठवत नाही. आम्ही काढली नव्हती, एवढं मात्र आम्हाला आठवतं.