दुःखी मुलाला काय द्यावे?

घरात मृत्यू झाला, आईवडिलांचे पटेनासे झाले किंवा परीक्षेत अपयश आले, की शाळकरी मूल पुष्कळदा गप्प होते. मग आपण त्याला समोर बसवतो आणि 'काय झाले ते सांग' म्हणून पाठीस लागतो. ते बोलले नाही, तर उपदेश करतो. जे शब्द त्याला स्वतःलाच सापडलेले नाहीत, तेच आपण त्याच्याकडे मागत असतो.

न्यूयॉर्कमधील बालमानसतज्ज्ञ डॉ. बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे असाच एक अबोल मुलगा ठरलेल्या वेळेआधी आला. डॉक्टरांचा जिंगल्स नावाचा कुत्रा त्याच्याजवळ गेला आणि मुलगा त्याला कुरवाळू लागला. त्या मैत्रीतून पुढे डॉक्टरांशीही त्याची ओळख जुळली. १९६२ साली लेव्हिन्सन यांनी हा अनुभव लेखातून मांडला. कुत्र्याने मुलाला काही विचारले नव्हते.

चित्रकलेचेही तसेच आहे. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या ऑस्ट्रियन चित्रकर्तीला नाझींनी १९४२ साली तेरेझिनच्या छावणीत डांबले. तेथील मुलांना ती चित्रे काढायला शिकवी आणि चित्रावर स्वतःचे नाव लिहायला सांगे. १९४४ साली तिला आउश्वित्झला नेऊन ठार मारण्यात आले. दोन सुटकेसमध्ये ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रे मागे राहिली. ती काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत.

त्याच काळात, जुलै १९४२ मध्ये, वॉर्सा येथे कोंडवाड्यासारख्या ज्यू वस्तीत डॉ. यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातील मुलांनी रवींद्रनाथ ठाकूर यांचे 'डाकघर' हे नाटक केले. घरात अडकून पडलेल्या आजारी अमलची ती गोष्ट! तीन आठवड्यांच्या आत त्या मुलांना आणि कोर्चाक यांनाही त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. मुले वाचणारच नव्हती, तर रंगांचा आणि नाटकाचा उपयोग काय? प्रश्न कठोर आहे. पण आपणही तोच प्रश्न सौम्य शब्दांत रोज विचारतो. 'चित्रे काढून मार्क मिळणार का?' 'गोष्टीची पुस्तके दहावीनंतर वाच.' जणू मुलाचे आयुष्य पुढे कधीतरी सुरू व्हायचे आहे! आजचा दिवसही त्याचे आयुष्यच आहे. आज त्याच्या मनाला मिळालेला विसावा उद्याच्या फायद्याने मोजणे योग्य नाही.

अर्थात पुस्तक, रंग किंवा मुके जनावर हे सर्व दुःखांवरचे औषध नव्हे. मूल जेवेनासे झाले, त्याची झोप उडाली, 'जगणे नको' म्हणू लागले, तर त्याला विनाविलंब तज्ज्ञांकडे न्यावे. त्यात लाज कसली? आणि हाती पुस्तक देऊन आपण मोकळे झालो, असेही नाही. सुटकेची संधी असतानाही कोर्चाक मुलांना सोडून गेले नाहीत.

म्हणून आपल्या घरी मूल कोपऱ्यात बसून चित्र काढत असेल, तर उलटतपासणी घेऊ नये. मांजराशी बोलत असेल, तर हसू नये. रात्री दहा मिनिटे त्याच्या शेजारी बसून गोष्ट वाचावी आणि संपल्यावर तात्पर्य विचारू नये. ते बोलेल तेव्हा ऐकायला आपण तेथे असू या.