कालवांचा खडक आणि आमची बदली

दरवर्षी 16 जून ते 15 ऑगस्ट या काळात छत्तीसगडच्या नद्यांत मासेमारीस बंदी असते. या दिवसांत शंकर नगरातील आमच्या सायंकाळच्या बैठकीत कुणी रत्नागिरीकर हटकून कालवांची आठवण काढतो, आणि बोलणे कालवणावरून कायद्यावर येते. निसर्गाला विश्रांती हवी, हे सर्वांस मान्य असते. ती विश्रांती कोणाच्या ताटातून वजा करावी, येथे मात्र आम्ही अडखळतो.

कालव आरंभीचे काही दिवस पाण्यात तरंगते. पुढे कठीण आधार पाहून एकदा चिकटले, की जन्मभर जागा सोडत नाही. हा आधार पुष्कळदा पूर्वजांच्या कवचांचाच असतो. म्हणून कवचांचा थरच खरवडून नेणारा मनुष्य आजच्या पिकाबरोबर उद्याची जमीनही नेतो. 1877 साली कार्ल म्यूबियस या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने कालवांच्या वस्त्यांवरूनच, एका ठिकाणच्या सर्व जीवांचा मिळून एक समाज असतो, असा विचार मांडला.

कोकणात ओहोटीच्या वेळी कालवे फोडणारी बाई वरचे झाकण उडवून आतील मांस काढते. खालची शिंप बहुधा खडकासच राहते. गोव्यात झुआरीच्या मुखाजवळ, चिखलीच्या खाडीत, गोष्ट निराळी. तेथील चपटी, प्रकाश झिरपू देणारी शिंप चिखलात सुटी पडलेली असते. जुन्या घरांच्या खिडक्यांना तिचीच तावदाने दिसतात. ती उचलली की मागे काहीच उरत नाही. 2001 साली केंद्र सरकारने हा जीव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत घातला. योग्यच केले. परंतु त्याबरोबर टोपली भरणारी बाई आणि पोती भरणारा व्यापारी एकाच रांगेत उभे राहिले.

गरज आणि लोभ यांत भेद न करणारा नियम न्याय्य म्हणावा काय? उलट पक्षी, भुकेने उचललेली शिंपही परत येत नाही, हे कसे नाकारावे? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि केवळ दंडाची रक्कम वाढवून त्यांचा मेळ बसत नाही.

आमची दर तीनेक वर्षांनी बदली होते. कालवाची होत नाही, त्या बाईचीही होत नाही. कोणता खडक गेल्या साली रिकामा झाला आणि कोणत्यास यंदा हात लावू नये, हे तिला ठाऊक असते. तिला केवळ आरोपी न मानता राखणदारीत वाटेकरी करावे, तरच बंदीला नैतिक आधार मिळेल, असे आम्हांस वाटते. महानदीकाठच्या केवटासही हेच लागू आहे. जो येथे राहणार नाही, त्याने राहणाऱ्यांसाठी नियम करू नये असे नव्हे. पण सही करण्यापूर्वी निदान ओहोटीची वेळ तिला विचारून घ्यावी, आणि त्या वेळी खडकावर जाऊन यावे.