पाणी मालकाकडून

'परवडणं' हे मराठीतलं एक अत्यंत सभ्य क्रियापद आहे. 'मी उधळतो' म्हणताना माणसाला स्वतः कर्ता व्हावं लागतं. 'मला परवडतं' म्हणताना कर्ता दुसराच कुणी असतो. आपण नुसते चतुर्थी विभक्तीत अंग चोरून उभे. चतुर्थीचा कारकार्थ संप्रदान, म्हणजे देणं, असं गुरुजींनी शिकवलं होतं. आता 'मला परवडतं' यात कोण कुणाला काय देतं, हे विचारायचं राहून गेलं, आणि पुढे मी बी.कॉम.ला गेल्यामुळे असले प्रश्न विचारण्याची सोयच उरली नाही.

बँकेत या क्रियापदाचा अर्थ एकदम स्वच्छ असतो. हप्ता पगाराच्या निम्म्याच्या आत बसला की माणसाला गाडी परवडते. निम्म्याच्या वर गेला की माणूस तोच, गाडी तीच, पण परवडत नाही. मग त्याने वडिलांच्या आजारपणाचं सांगावं किंवा मुलीच्या लग्नाचं, आम्ही चष्मा पुसत 'पॉलिसी' म्हणतो आणि पुढच्याला बोलावतो. इतकी सुटसुटीत नीतिमत्ता मला कुठल्याच धर्मग्रंथात आढळलेली नाही. तिच्यावर माझी वीस वर्षं छान गेली. तिला तडा गेला तो आमच्या मेहुण्यांच्या परसात.

मेहुणे म्हणजे सौ.चे थोरले बंधू. कारखाना विकून मोकळे झाल्यावर त्यांनी सासवडच्या पुढे पाच गुंठ्यांवर बंगला बांधला. पुढे बाग, मागे परस. परस म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर न्हाणीचं सांडपाणी पिऊन माजलेली केळ आणि अळू उभा राहतो. मेहुण्यांच्या डोळ्यांसमोर निळं पाणी उभं राहिलं. त्यांची नात अमेरिकेत, टेक्सासला असते. ती गेल्या सुट्टीत आली, दोन दिवस अंगणात हिंडली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे पोहायला काय आहे?" एवढ्या एका प्रश्नावर स्विमिंग पूल आणि त्याला चिकटून स्पा, असा अठरा लाखांचा आराखडा तयार झाला.

"जावईबापू, तुम्ही बँकेतले. जरा नजर टाका," असं म्हणून त्यांनी अंदाजपत्रक माझ्यासमोर ठेवलं.

मी अंदाजपत्रकं कादंबरीसारखी वाचतो. त्यात नायक असतो, खलनायक असतो आणि शेवटी जी.एस.टी. असतो. या कादंबरीत पंचवीस बाय बारा फूट लांबीरुंदीचा आणि साडेचार फूट खोलीचा नायक होता. कातळ फोडून खोदाई 1 लाख 10 हजार. आर.सी.सी.चा तळ आणि भिंती 5 लाख 40 हजार. वॉटरप्रूफिंग 1 लाख 20 हजार. निळ्या काचेच्या बारीक टाइल्स 2 लाख 60 हजार. पंप, वाळूचा फिल्टर आणि पाइप 2 लाख 90 हजार. पाण्यातले दिवे आणि स्टीलची शिडी 80 हजार. आणि स्पा, म्हणजे पाच माणसांना गळ्यापर्यंत बसवून चहूबाजूंनी गरम पाण्याचे फवारे मारणारी हौदी, 4 लाख.

स्पाची कल्पना सासूबाईंना समजावून देताना मेहुण्यांची दमछाक झाली. "पाच जण एकाच गरम पाण्यात बसणार?" त्यांनी विचारलं. हो. "आणि मग अंघोळ कुठे करणार?" या प्रश्नाला कंत्राटदाराच्या माहितीपत्रकात उत्तर नव्हतं. त्यांच्या गुडघ्यांना बरं वाटेल, असं मेहुणे म्हणाले. त्यात तथ्य आहे. ज्या जकुझी आडनावावरून या हौदीला ओळखतात, ते कॅलिफोर्नियात पंप तयार करणारं इटालियन कुटुंब. त्यांच्यातल्या कँडिडो जकुझींच्या लहान मुलाला संधिवात जडला. त्याला घरच्या टबात पाण्याचा मसाज मिळावा म्हणून बापाने टबात ठेवायचा पंप बनवला, आणि 1956 साली तो बाजारात आला. म्हणजे आज जी चैनीची शिखरवस्तू, तिचा जन्म एका बापाच्या काळजीतून झालेला. चैन कुठली आणि गरज कुठली, हे बाहेरून बघणाऱ्याने फार जोरात सांगू नये ते यासाठी. सासूबाई मात्र अजून बादलीत पाय घालून बसतात. बादलीला जी.एस.टी. लागून गेलेला असतो.

मग मी वाणिज्य शाखेला स्मरून हिशेब केला. अठरा लाखांचा दहा वर्षांत घसारा, म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजार. तीच रक्कम मुदत ठेवीत राहिली असती तर सात टक्क्यांनी 1 लाख 26 हजार व्याज. क्लोरीन, वीज, साफसफाई मिळून महिन्याला 8 हजार, म्हणजे 96 हजार. एकूण 4 लाख 2 हजार. पावसाळा, थंडी, लग्नकार्यं वजा जाता मेहुणे वर्षातून चाळीस दिवस पाण्यात उतरतील. डुबकीला पडले 10 हजार 50 रुपये.

"वरचे पन्नास सोडा," मेहुणे म्हणाले. "नातीने एक डुबकी मारली तरी वसूल."

या वाक्यापुढे बँकिंग संपतं. मी बोलणार काय! चांगला पोहता येणारा माणूस आहे मी. पाठीला भोपळा बांधून आजोळच्या विहिरीत ढकलल्यावर जो आनंद होतो (म्हणजे आधी भीती वाटते आणि नाकातलं पाणी गेल्यावर आनंद होतो), त्याची किंमत मला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या आनंदावर नाक मुरडणं हा आपला मध्यमवर्गीय कुटिरोद्योग. शेजाऱ्याची चैन ती चैन, आपली ती 'काळाची गरज'. तो उद्योग मला करायचा नव्हता. मी 'परवडतं' असा शेरा मारण्यासाठी पेन उघडलं आणि शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांवर नजर गेली. अटी व शर्ती, क्रमांक सात : 'पाणी व वीज मालकाकडून.'

बघा गंमत. टाइलचा भाव फुटावर, पाइपचा मीटरवर, वाळूचा पोत्यावर. आणि ज्याच्यावाचून या सगळ्याला नुसता खड्डा म्हणतात, त्या पाण्याच्या रकान्यात शून्य. मालकाकडून. मी मेहुण्यांना विचारलं, "मालक कोण?"

"मीच की!"

"तलावाचे तुम्ही. मी पाण्याबद्दल विचारतोय."

तर पाणी बोअरचं. बोअर 190 फूट. 2009 च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने साठ मीटरच्या खाली जायला आडकाठी केलेली आहे, त्याच्याही आतच. मेहुणे कायद्याबाहेर जाणारे गृहस्थ नव्हेत. शिवाय आपल्या जमिनीखाली झिरपलेलं पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला इंग्रजांच्या 1882 च्या ईझमेंट कायद्यानेच दिलेला. कायद्याने प्रश्न मिटलेला होता. पण मी बँकेतला माणूस. जिथे कागद पूर्ण असतात तिथे मला जास्त शंका येते. जमिनीचा सातबारा आहे. पाण्याचा कुठे आहे? पाच गुंठ्यांना तारेचं कुंपण आहे, पण एकशे नव्वद फुटांखाली काळ्या खडकाच्या भेगा कुंपण बघून वळत नाहीत. त्या कुठून येतात आणि कुणाच्या विहिरीत जातात, हे त्या भेगांनाच माहीत.

मेहुण्यांच्या उतारावर खालच्या अंगाला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची अंजिराची बाग आहे. पुरंदरचं अंजीर कसं असतं ते खाणाऱ्याला सांगायला नको. दर हंगामात त्यांच्याकडून मेहुण्यांना पाटी येते आणि त्यातली चार अंजिरं बहिणीच्या नात्याने आमच्यापर्यंत पोचतात. त्यांची विहीर पंचेचाळीस फुटांची. तालुका पावसाच्या सावलीतला. मे महिन्यात विहिरीत माणूस उतरवून गाळ काढावा लागतो. तलावाची आखणी चुन्याने चालली होती तेव्हा ते येऊन उभे राहिले. तक्रार नाही, काही नाही. "केवढं पाणी बसंल?" एवढंच विचारलं.

मी कागदावर मांडलं. 1350 घनफूट, म्हणजे सुमारे 38 हजार लिटर. तेही एकदाच, दरवर्षी नाही. पूलचं पाणी रोज बदलत नाहीत, तेच फिल्टरमधून फिरवतात. हे तलावाच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण फिल्टर धुवायला आठवड्याला काही शे लिटर जातात, आणि ऊन तर कुणालाच न विचारता पितं. एक चौरस मीटर पाण्यावरून एक मिलीमीटर उडालं की एक लिटर गेलं. उन्हाळ्यात दिवसाला सात मिलीमीटर धरले तरी अठ्ठावीस चौरस मीटरवरून जवळजवळ दोनशे लिटर. 2019 साली जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला रोजचं माप ठरवून दिलं ते 55 लिटरचं. म्हणजे साडेतीन माणसांचं पाणी रोज कुणाच्याही अंगाला न लागता आकाशात जाणार. नात टेक्सासला असतानासुद्धा.

मेहुणे कारखानदार, आकड्यांना घाबरणारे नव्हेत. "एक एकर उसाला किती पाणी लागतं?" त्यांनी विचारलं. पाऊस धरून सुमारे ऐंशी लाख लिटर. "म्हणजे माझे दोनशे तलाव! एका एकरात! त्यांना जाऊन विचारा की."

मुद्दा बिनतोड होता, आणि ओळखीचाही. वीस हजारांचा थकबाकीदार काउंटरवर येऊन हेच म्हणतो, "साहेब, हजारो कोटी बुडवून लोक विमानाने गेले, त्यांना विचारा की." त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं, आणि त्याच्या खात्यात त्या दिवशी एक पैसाही जमा होत नाही. मोठ्याला न विचारणं हा अन्याय आहेच. पण त्या अन्यायाच्या सावलीत आपण किती वेळ बसायचं?

एप्रिल 2016 आठवतो? त्या महिन्यात मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आय.पी.एल.चे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. तेव्हाही लोक भांडलेच, मैदानावर शिंपडून असं किती पाणी जातं? फार जात नव्हतंच. सामने गेल्यामुळे लातूरचे नळ वाहू लागले असंही नाही. पण शेजारी सुतक असताना आपण सनई लावत नाही. सनई बंद केल्याने गेलेला माणूस परत येतो, म्हणून थोडीच बंद करतो?

मला जे सांगायचं होतं ते अखेर मी माझ्याच भाषेत सांगितलं. म्हटलं, "दादा, जमिनीखालचं पाणी म्हणजे संयुक्त खातं आहे. खातेदार सगळी वाडी. सही कुणाही एकाची चालते. पासबुक कुणाकडेच नाही. आणि सूचना 'कोणीही एक किंवा हयात राहील तो'. असल्या खात्यात तुमचे पैसे असते तर तुम्ही ठेवले असते?"

"एक दिवस ठेवले नसते."

"अंजीरवाल्यांना बिचाऱ्यांना काढता येत नाहीत."

मेहुणे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे नातीला सांगू, आजोबांना परवडत नाही?"

इथे मला गुरुजींची चतुर्थी आठवली. 'मला परवडतं का', हा प्रश्न बँक विचारते आणि त्याचं उत्तर पगारपत्रकात असतं. 'माझं असणं खालच्या बागेला परवडतं का', हा प्रश्न विचारायला कुठलाच फॉर्म नाही. संप्रदान म्हणजे देणं. आपल्याला जे परवडतं ते कुणीतरी देत असतं, बहुतेक वेळा न विचारता आणि पावती न घेता. अंजिराची पाटी पाठवतात, तसंच.

म्हणून मी 'परवडत नाही' असं म्हटलं नाही. परत हिशेब केला. बंगल्याचं छप्पर दीड हजार चौरस फूट. पाचशे मिलीमीटर पाऊस धरला आणि गळती-सांड सोडली तरी त्यावरून पन्नास हजार लिटरच्या वर पाणी ओघळतं आणि रस्त्यावर जातं. ते धरलं तर तलाव एकदा भरेल. खाली वीस हजार लिटरची टाकी बांधली, वर झाकण घातलं, तर उन्हाने प्यायलेलंही बरंचसं भरून निघेल. बोअर मुद्दल आहे आणि सामाईक आहे; पाऊस व्याज आहे आणि आपल्या छपरावरचं आहे. व्याजात पोहावं. पाऊस झाला नाही त्या वर्षी तलाव कोरडा राहील आणि नातीला तो कोरडाच दाखवावा लागेल. तेही तिने बघायला हवं.

"म्हणजे खर्च वाढला!" मेहुणे ओरडले.

वाढला खरा. टाकीचे, पन्हळींचे, झाकणाचे मिळून अडीच-तीन लाख. ते भागवायला चार लाखांचा स्पा रद्द करावा असा विचार चालला आहे. सासूबाईंचा त्याला पाठिंबा आहे. बादली त्यांनी मुलाला वापरायला देण्याचं कबूल केलं आहे, फक्त गरम पाणी मालकाकडून.