पुढील तारीख

जयपूरला राहायला आल्यापासून आमच्या वाटणीच्या दाव्याची तारीख मी फोनवर पाहतो. दावा महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या कोर्टात आहे. सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की वादी-प्रतिवादींची नावे, दावा दाखल झाल्याचा दिवस, आजवरच्या तारखांची लांबलचक यादी आणि पुढील तारीख असे सगळे समोर येते. वडील होते तेव्हा ते एसटीने तालुक्याला जात, दिवसभर व्हरांड्यात बसत, पुकारा झाला की आत जाऊन उभे राहत आणि संध्याकाळी एका चिठ्ठीवर पुढली तारीख लिहून आणत. आई ती चिठ्ठी कॅलेंडरला टाचून ठेवी. आता ती रात्री फोन करते. "बघितलंस का रे?" मी बघितलेले असते.

वडील गेले तेव्हा नव्वद दिवसांच्या आत वारसांची नावे लावण्याचा अर्ज द्यायचा होता. तो दिला. त्या अर्जालाही तारखा पडल्या. रेशनकार्डावरून त्यांचे नाव गेले, बँकेतून गेले, पण फोनच्या पडद्यावर बरेच महिने तेच वादी होते. मला ते खटकले नाही. उलट अधूनमधून उगाचच उघडून पाहत असे.

पण एक प्रश्न तेव्हापासून सुटत नाही. वडिलांना जे मिळवायला अख्खा दिवस आणि दोन वेळचे तिकीट लागे, ते मला चहा पिता पिता मिळते. हे नक्कीच सुख आहे. पण यात न्यायाचा काही भाग माझ्यापर्यंत पोचला का, की फक्त न्यायाची बातमी पोचली?

ई-कोर्ट प्रकल्पाचा पहिला टप्पा 2007 मध्ये सुरू झाला. तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले. देशातल्या खालच्या कोर्टांतली चार कोटींहून अधिक प्रलंबित प्रकरणे आज राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर कोणालाही पाहता येतात. कुठल्या जिल्ह्यात किती, किती वर्षे जुनी, सगळे. पूर्वी ही माहिती दप्तरांत बांधलेली होती आणि दप्तर शिरस्तेदाराच्या ताब्यात. गठ्ठ्यातून कागद वर यायला काय काय लागे, ते कोर्टात फिरलेल्या माणसाला सांगायला नको. यंत्राने ती मक्तेदारी मोडली, हे मी कमी लेखणार नाही.

यंत्राने खरोखर माणसाला सोडवले असे एक उदाहरण आहे. 2021 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने आग्र्याच्या तुरुंगातल्या तेरा कैद्यांना अंतरिम जामीन दिला. गुन्ह्याच्या वेळी ते अल्पवयीन होते आणि चौदा वर्षांहून जास्त काळ आत होते. जामिनाचा आदेश झाल्यावरही ते दिवसामागून दिवस आतच राहिले, कारण आदेशाची प्रमाणित प्रत तुरुंगात पोचली नव्हती. न्यायालयाने आपणहून दखल घेतली, आणि 31 मार्च 2022 रोजी 'फास्टर' नावाची व्यवस्था सुरू झाली. तिच्यातून आदेश सुरक्षित मार्गाने थेट तुरुंगाकडे जातात. इथे विलंब निव्वळ वाटेतला होता. निर्णय झाला होता, न्यायाधीशांनी सही केली होती, कागद तेवढा पोचायचा होता. अशा विलंबाला संगणक हेच औषध, आणि ते आधी का दिले नाही एवढाच प्रश्न उरतो.

आता जयपूरचेच दुसरे उदाहरण. इथल्या उच्च न्यायालयाच्या आवारात मनूचा पुतळा आहे. बाहेर चौकात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आणि आत मनू. ज्या मनुस्मृतीचे दहन 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला झाले तिचा कर्ता न्यायालयाच्या दारात पाहून मराठी माणूस थबकतोच; मीही थबकलो होतो. पुतळा 1989 मध्ये बसला. त्याच वर्षी न्यायाधीशांच्या पूर्ण बैठकीने तो हलवावा असे ठरवले. त्याविरुद्ध याचिका झाली, स्थगिती मिळाली, आणि पुढली तीन दशके उलटली तरी याचिका उभीच होती. ऑक्टोबर 2018 मध्ये औरंगाबादहून आलेल्या दोन स्त्रियांनी पुतळ्याला काळे फासले तेव्हा देशाला या प्रकरणाची पुन्हा आठवण झाली.

या प्रकरणात कुठला कागद वाटेत अडकला होता? कुठलाच नाही. पुतळा, याचिका आणि न्यायाधीश एकाच आवारात. सगळ्यांना सगळे माहीत. इथे विलंब वाटेतला नाही, तो निर्णय न घेण्याचा आहे. माझ्या मते संगणकाने केलेले सर्वांत मोठे काम नकळत झालेले आहे: त्याने सबबी संपवल्या. कागद हरवला, टपाल आले नाही, यादीत नाव नव्हते, हे सगळे एकेक करून बाद होत गेले की जे शिल्लक राहते ते कोणाचे तरी ठरवणे किंवा न ठरवणे असते.

इथे माझे एक वकील मित्र चिडतात. "न्यायाधीशांसमोर रोजचा बोर्ड किती असतो ते येऊन बघा," म्हणतात. मी पाहिला आहे. बनीपार्कच्या जिल्हा कोर्टात सकाळी पेशकाराच्या टेबलाभोवती जी गर्दी असते तिच्याकडे पाहून कोणाही न्यायाधीशाची दयाच येईल. पण न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या ठेवणे हेही कुठल्या तरी खोलीत कोणीतरी न घेतलेल्या निर्णयातूनच येते. दोष एका माणसाचा नाही हे मान्य. म्हणून तो निसर्गाचा होत नाही. आपण विलंबाबद्दल पावसाबद्दल बोलावे तसे बोलतो.

पडद्याची अडचण ही की तो आग्र्याचा विलंब आणि मनूचा विलंब एकाच रकान्यात दाखवतो: प्रलंबित. त्याहून मोठी अडचण पलीकडच्या रकान्यात आहे. दावा नीट ऐकून निवाडा झाला तरी तो 'निकाली', आणि पुकाऱ्याच्या वेळी पक्षकार हजर नव्हता म्हणून काढून टाकला तरी 'निकाली'. आकडा दोन्हीकडून सारखाच खाली येतो. जिथे आकडा वरिष्ठांना रोज दिसतो तिथे कोणत्या बाजूने मोह पडेल, हे सांगायला तत्त्वज्ञ नको.

वडिलांचे म्हणणे याबाबत वेगळे होते, आणि तेव्हा मला ते भाबडे वाटायचे. तारीख वकिलाला फोन करूनही कळली असती, मी तसे सांगितलेही होते. ते म्हणाले, "साहेबांनी मला बघायला पाहिजे." साहेब बदलत गेले, एकाने फक्त मान वर करून, "तुम्हीच का वादी?" असे विचारले होते. तेवढे वाक्य ते घरी येऊन दोनदा सांगत होते. टाळेबंदीत, 2020 च्या एप्रिलमध्ये, राजस्थान उच्च न्यायालयाच्या दूरदृश्य सुनावणीत एक वकील बनियनवर बसलेले दिसले आणि सुनावणी पुढे ढकलली गेली. सगळे हसले. कैद्याचा जामीन मात्र तारखेवर गेला. त्या दिवशी कोणाचे दिसणे महत्त्वाचे ठरले, हे मला अजून टोचते.

'सुनावणी' या शब्दात ऐकणे आहे. माझ्या फोनवर गेल्या वर्षभराच्या तारखांसमोर 'सुनावणी' असे सहा वेळा लिहिलेले आहे. त्यांपैकी एकदाही कोणी काही ऐकले नव्हते, हे वकिलांनीच सांगितले.

परवा आईचा फोन आला. बघितलंस का, म्हणाली. बघितले होते. जूनची आठ. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तू येणार आहेस का त्या दिवशी?" मी म्हटले, यायची गरज नाही, इथूनच दिसते. ती म्हणाली, "तुला दिसतं रे."

जयपूरहून मुंबईला जाणाऱ्या सुपरफास्टचे तिकीट मी सात तारखेचे काढून ठेवले होते, ते बदलून सहाचे केले.