देवाला आतडी असतात का?

‘बाउल्स’ हा इंग्रजी शब्द मी आधी आजोबांच्या बायबलमध्ये वाचला, आणि बऱ्याच वर्षांनी वॉर्डात शिकले. आजोबा नगर जिल्ह्यात पाळक होते. शास्त्र मराठीतच वाचायचे, पण प्रवचनाच्या तयारीला 1611 च्या किंग जेम्स भाषांतराची प्रत शेजारी लागायची. त्यात प्रेषित पौल कलस्सैकरांना दयेची आतडी अंगात घालायला सांगतो. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात अनेसिम नावाच्या गुलामाला मालकाकडे परत धाडताना, हा माणूस म्हणजे माझी आतडीच आहेत, असं कळवतो. जेमतेम पंचवीस वचनांचं पत्र, पण हा शब्द त्यात तीनदा येतो. पुढे मी सर्जिकल वॉर्डात नर्स झाले, तर तोच शब्द रोज सकाळी केसपेपरवर: बाउल्स ओपन झाले का?

पौलाचा मूळ ग्रीक शब्द काळीज, यकृत, फुफ्फुसं, आतडी अशा पोटा-छातीतल्या सगळ्याच अवयवांसाठी होता. त्याच्यापासून एक क्रियापद झालं, आणि ते पहिल्या तीन शुभवर्तमानांत बारा वेळा येतं. दर वेळी येशूविषयी किंवा त्याच्या दाखल्यातल्या कुणाविषयी. मराठी शास्त्रात तिथे ‘कळवळा आला’ असं आहे. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. आपलं आतडं तुटतं, पोटात कालवतं, जवळच्याला आपण आतड्याचं माणूस म्हणतो. इंग्रजीतही एके काळी ही सोय होती. मग शब्द आक्रसत गेला आणि शौचापुरता उरला. 1881 च्या सुधारित भाषांतराने नव्या करारात कुठे त्याच्या जागी हृदय बसवलं, कुठे नुसती करुणा ठेवली. वाचणाऱ्याला संकोच वाटू नये हा हेतू मला समजतो. पण त्याबरोबर देवाविषयीचं एक म्हणणं पुसट झालं, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं.

यशयाच्या त्रेसष्टाव्या अध्यायात संदेष्टा देवाला विचारतो की तुझ्या आतड्यांचा आवाज कुठे गेला, तो तू आवरून धरला आहेस का? किंग जेम्समध्ये तिथे खरोखरच आवाज आहे. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर आतडी गप्प होतात. लहान आतडं लवकर जागं होतं, मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात. तोवर आम्ही पोटावर स्टेथोस्कोप ठेवून गुडगुड ऐकू येते का पाहायचो, गॅस पास झाला का म्हणून विचारायचो. पोटात पू पसरला तर पोट फळीसारखं कडक होतं आणि आत काहीच ऐकू येत नाही. ती शांतता ओळखायला आम्हाला शिकवलेलं असतं, कारण तिथे एक रात्र उशीर झाला तरी माणूस जातो. यशयाचं वचन मी तेव्हापासून त्या कानाने वाचते. देव रागावला आहे का, असं तो विचारत नाही. आत काही हलतंय का, असं विचारतो.

ज्या इंग्लंडच्या चर्चने किंग जेम्स भाषांतर वापरलं, त्याच चर्चच्या 1571 साली पक्क्या झालेल्या एकोणचाळीस कलमांतलं पहिलं कलम सांगतं की देवाला शरीर नाही, अवयव नाहीत, विकारही नाहीत. ग्रीक तत्त्वज्ञांपासून चालत आलेला हा विचार आहे. जो हलतो तो बदलतो, जो बदलतो तो पूर्ण नव्हे. विचार म्हणून तो भक्कम आहे. पण यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात देव एफ्राइमाविषयी, म्हणजे आपल्या लोकांविषयी, बोलतो, तेव्हा तिथेही आतड्यांचाच शब्द आहे. जपानी धर्मचिंतक काझो कितामोरी यांनी ते वचन धरून 1946 मध्ये देवाच्या वेदनेवर पुस्तक लिहिलं. जपानी भाषांतरात आतड्यांचं दुखणं जसंच्या तसं राहिलं होतं. हरलेल्या, जळालेल्या देशात बसून त्यांनी ते शब्दशः घेतलं. मीही तसंच घेते. देव येशूत माणूस झाला ही देहधारणा खरी मानायची तर येशूला माणसाचं पूर्ण शरीर होतं हे मानावं लागतं, आणि पूर्ण शरीरात आतडी येतात.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका मात्र सांगतो की कीव हा दुबळ्या मनाचा दोष आहे. शहाण्याने मदत करावी, स्वतः ढवळून निघू नये. याला मी सहज बाजूला सारणार नाही. रडणाऱ्या नर्सला शीर सापडत नाही. नव्या मुलींना मी हात स्थिर ठेवायला शिकवलं आहे, आणि त्यात काही गैर केलं असं मला वाटत नाही. शिवाय आतड्यांचा उच्चार केला म्हणजे दया येतेच असंही नाही. ऑगस्ट 1650 मध्ये इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल याने स्कॉटलंडच्या चर्चला ख्रिस्ताच्या आतड्यांची आण घालून विनवलं, तुमचं चुकत असेल असं निदान मनात तरी आणा. महिन्याभरात, 3 सप्टेंबरला, डनबारची लढाई झाली. हजारो स्कॉट कैदी दक्षिणेकडे चालवत नेले. कितीतरी जण उपासमारीने आणि हगवणीने वाटेत आणि डरहमच्या कॅथेड्रलमध्ये मेले. 2013 मध्ये त्यांच्यातल्या काहींचे सांगाडे तिथल्या बांधकामात सापडले. क्रॉमवेलने तो शब्द समोरच्याला हलवायला वापरला होता. शुभवर्तमानात ते क्रियापद बोलणाऱ्यावर उलटतं, त्याचं स्वतःचं पोट ढवळतं.

लूकाच्या दहाव्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यातला क्रम पाहा. वाटेवर अर्धमेला माणूस पडला आहे. याजक त्याला पाहतो, लेवी पाहतो, शोमरोनीही पाहतो. तिघांच्या पाहण्यात काही फरक सांगितलेला नाही. फरक पुढच्या त्या एका क्रियापदाचा आहे, आणि ते शोमरोन्याने ठरवून केलेलं नाही, त्याला झालेलं आहे. त्यानंतर जे येतं त्यात हात अगदी स्थिर आहेत: जखमांवर तेल आणि द्राक्षारस, पट्ट्या, आपल्या जनावरावर बसवणं, रात्रभर शुश्रूषा, सकाळी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार आणि जास्त लागले तर परतताना देईन हा वायदा. सेनेकाला हवी असलेली सगळी शिस्त इथे आहे. पण आतडी हलली नसती, तर तोही पलीकडच्या कडेने निघून गेला असता.